/रीटेस्ट लिहिण्याआधी: कुबरनेटिसच्या बॉटपुढे पहिला पीआर

कुबरनेटिस म्हणजे कंटेनर चालवणारा ओपन सोर्स प्रकल्प. त्याच्या गिटहबवरच्या मुख्य रेपोत (कोडच्या साठ्यात) पीआर, म्हणजे आपला बदल स्वीकारण्याची विनंती, उघडला की माणसाआधी बॉट हजर होतो. काही सेकंदांत त्याच्या दोन-तीन कमेंट पडतात आणि उजवीकडे लेबलांची रांग लागते. त्यातली निम्मी 'नीड्स' किंवा 'डू-नॉट-मर्ज'ने सुरू होणारी (मर्ज म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळणं). पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, आपण काहीतरी मोठा घोळ घातला. बहुतेक वेळा घोळ नसतो. नुसता फॉर्म अर्धा भरलेला असतो.

आधी एक खुलासा. इथे बॉटच्या आज्ञा (जसं /रीटेस्ट, म्हणजे नापास टेस्ट पुन्हा चालव) देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमनमध्ये आणि ओळीच्या अगदी सुरुवातीला टाइप करायच्या. "कृपया जरा /रीटेस्ट करा" असं वाक्याच्या पोटात लिहिलं तर बॉटला ते दिसत नाही. दोन आज्ञा द्यायच्या असतील तर दोन ओळी.

या बॉटमागची यंत्रणा म्हणजे प्राऊ. ती स्वतः कुबरनेटिसवरच चालते. प्रत्येक टेस्ट जॉब म्हणजे एक नवा पॉड (कुबरनेटिसमध्ये कंटेनर चालवणारा सर्वात लहान घटक): तो रेपो ओढतो, टेस्ट चालवतो, लॉग साठवणीत टाकतो आणि संपतो. आधीच्या जॉबचं त्यात काही उरत नाही. "माझ्या मशीनवर तर चालतंय" या तक्रारीचं अर्धं उत्तर इथेच आहे. तुमच्या मशीनवर कमिट न केलेली फाइल असते, गिटइग्नोरमध्ये दडलेली फाइल असते, कधीतरी टाकलेलं टूल असतं. पॉडमध्ये यातलं काही नसतं. पुश करण्याआधी 'गिट वर्कट्री अॅड --डिटॅच'ने वेगळ्या फोल्डरमध्ये आपल्याच ब्रँचचं शेवटचं कमिट काढून तिथे बिल्ड करून पाहावं. विसरलेली फाइल दोन मिनिटांत सापडते.

पहिली अडचण बहुधा कोडची नसतेच, सहीची असते. 'सीएनसीएफ-सीएलए: नो' हे लेबल लागलं तर सीएनसीएफ या कुबरनेटिस सांभाळणाऱ्या संस्थेच्या योगदान करारावर (सीएलए) सही राहिली आहे किंवा कमिटमधला ईमेल तुमच्या गिटहब खात्याशी जुळत नाही. दुसरं जास्त वेळा घडतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर गिटमध्ये एक पत्ता आणि गिटहबवर दुसरा. तो पत्ता गिटहब खात्यात जोडून तपासून घ्यायचा, नाहीतर गिटमधला पत्ता बदलून 'कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर' करून फोर्स पुश करायचं. अमेंड फक्त शेवटचं कमिट बदलतं. पीआरमध्ये तीन कमिट असतील तर तिन्हींचा लेखक बदलावा लागतो. मग /ईझीसीएलए लिहिलं की तपासणी पुन्हा होते.

दुसरं लेबल 'नीड्स-ओके-टू-टेस्ट'. कुबरनेटिस संघटनेचा सदस्य नसलेल्या माणसाच्या पीआरवर टेस्ट आपोआप सुरू होत नाहीत. कारण सरळ आहे: टेस्ट चालवणं म्हणजे अनोळखी माणसाचा कोड आपल्या मशीनवर चालवणं. टेस्टच्या नावाखाली कोणी कॉइन मायनिंग सुरू करू शकतो, कोणी गुप्त किल्ल्या हुडकू शकतो. म्हणून एखादा सदस्य बदल डोळ्याखालून घालतो आणि /ओके-टू-टेस्ट लिहितो. त्यानंतर त्या पीआरवरच्या पुढच्या पुशांना परवानगी लागत नाही. ही आज्ञा स्वतःच लिहून उपयोग नाही, बॉट नम्रपणे नकार देतो. या काळात पाच जणांना टॅग करण्यापेक्षा पीआरचं वर्णन नीट करावं. काय बिघडलं होतं, कशामुळे, कुठल्या टेस्टने ते पकडलं. परवानगी देणारा तेच वाचतो.

बाकीची लेबलं वर्णनातून सुटतात. '/काइंड बग' किंवा '/काइंड क्लीनअप' लिहिलं नाही तर 'डू-नॉट-मर्ज/नीड्स-काइंड' लागतं. रिलीज नोटचा चौकोन रिकामा ठेवला तर तेही अडतं. वापरणाऱ्याला दिसणारा बदल नसेल तर त्यात 'नन' लिहायचं. कमिट मेसेजमध्ये 'फिक्सेस' आणि पुढे इश्यू क्रमांक, किंवा @ लावून कोणाचं नाव लिहिलं तर 'इनव्हॅलिड-कमिट-मेसेज' लागतं. या गोष्टी पीआरच्या वर्णनात चालतात, कमिटमध्ये नाहीत, कारण ते कमिट पुढे ज्या ज्या फोर्कमध्ये जाईल तिथून त्या माणसाला सूचना जात राहतात. 'नीड्स-ट्रायाज' आणि 'नीड्स-प्रायॉरिटी' ही लेबलं मात्र दिसतात भयंकर, पण अडवत काहीच नाहीत. त्यांच्याकडे खुशाल काणाडोळा करावा.

'साइज' लेबल बदललेल्या ओळी मोजून लागतं. 0 ते 9 ओळी एक्सएस, 10 ते 29 एस, 30 ते 99 एम, 100 ते 499 एल, 500 ते 999 एक्सएल, आणि 1000 पासून पुढे डबल एक्सएल. मर्जला त्याचा अडथळा नाही, पण वेळ कमी असलेला रिव्ह्यूअर आधी एक्सएस उघडतो.

आता टेस्ट. परवानगी मिळाली की डझनभर जॉब एकदम सुटतात: युनिट, इंटिग्रेशन, व्हेरिफाय, वेगवेगळे ई2ई (सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण यंत्रणा तपासणारे). काही लवकर उरकतात, काही तासाच्या घरात जातात. काही जॉब सक्तीचे, काही ऐच्छिक. बॉटच्या कमेंटमधल्या तक्त्यात जॉबचं नाव, कमिट, लॉगची लिंक, सक्तीचा आहे की नाही आणि तो पुन्हा चालवायची आज्ञा असे रकाने असतात. पहिली नजर 'सक्तीचा' रकान्यावर. ऐच्छिक जॉब लाल असेल तर मर्ज अडत नाही.

आणि इथेच सगळ्यात महागडी सवय लागते. लाल दिसलं की /रीटेस्ट. पुन्हा लाल, पुन्हा /रीटेस्ट. ही आज्ञा फक्त नापास झालेले जॉब पुन्हा चालवते, त्यामुळे ती स्वस्त वाटते. पण लॉग न वाचता तीनदा रीटेस्ट मारलेला पीआर रिव्ह्यूअर लगेच ओळखतो. शिवाय ती टेस्ट तुमच्याच कोडमुळे पाचातून एकदा पडत असेल, तर तिसऱ्या फेरीत हिरवी होते आणि तो दोष मर्ज होऊन सगळ्यांच्या डोक्याला ताप होतो. म्हणून रीटेस्टच्या आधी लाल कशामुळे झालं ते ठरवायचं. कारणं मोजकीच असतात.

जॉबच्या पानावर आधी स्थिती पाहा. गिटहबवर सगळं लालच दिसतं, पण प्राऊमध्ये फेल्युअर, एरर आणि अबॉर्टेड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फेल्युअर म्हणजे जॉब चालला आणि आतलं काहीतरी नापास झालं. एरर म्हणजे जॉब नीट चालूच शकला नाही: पॉड मिळाला नाही, मध्येच हाकलला गेला. अबॉर्टेड म्हणजे बहुधा तुम्हीच नवं पुश केलंत आणि जुन्या कमिटचा जॉब थांबवला गेला. एरर असेल तर /रीटेस्ट बिनधास्त लिहावं, तिथे वाचण्यासारखं काही नसतं. अबॉर्टेडला काहीच करायचं नसतं.

फेल्युअर असेल तर दुसरा प्रश्न: नेमकं काय तपासलं गेलं? प्राऊ तुमची ब्रँच एकटी तपासत नाही. त्या क्षणीचं मास्टर (मुख्य ब्रँच) घेऊन त्यावर तुमचं कमिट मर्ज करतो आणि ते तपासतो. जॉबच्या पानावर दोन्ही हॅश दिसतात. ब्रँच आठवडाभर जुनी असेल आणि मधल्या काळात कोणी फंक्शनला एक आर्ग्युमेंट वाढवलं असेल, तर गिटच्या दृष्टीने कॉन्फ्लिक्ट नाही, पण कोड कंपाइल होत नाही. तुमच्या मशीनवर मात्र सगळं हिरवं. हा दोष शोधायला लॉगमध्ये डोकं घालण्याआधी अपस्ट्रीम (मूळ रेपोच्या) मास्टरवर रीबेस करून, म्हणजे आपली कमिट ताज्या मास्टरवर पुन्हा रचून, बिल्ड करावं. रीबेसच, मर्ज नाही. पीआरमध्ये मर्ज कमिट आलं तर त्यासाठीही एक अडवणारं लेबल आहे.

लॉग वाचताना शेवटच्या ओळीवर जाऊ नका. शेवटी 'मेक: एरर 1' एवढंच असतं आणि त्याचा अर्थ 'वर कुठेतरी काहीतरी पडलं'. बिल्ड-लॉग फाइल पूर्ण उघडून '--- फेल' शोधा, मग 'पॅनिक'. कुबरनेटिस गो भाषेत लिहिलंय, आणि गोमध्ये एका टेस्टने पॅनिक केलं, म्हणजे ती अचानक कोसळली, की त्या पॅकेजची पूर्ण टेस्ट प्रक्रिया तिथेच मरते. पॅकेजच्या नावापुढे फेल दिसतं, उरलेल्या टेस्ट चालतच नाहीत आणि खरी गुन्हेगार एकच असते. टाइमआउटचं पॅनिक असेल तर खाली हजारो ओळींचा गोरूटीन (गोमधली समांतर चालणारी कामं) डंप येतो. त्यात पोहायची गरज नाही. पॅनिकच्या लगेच खाली 'रनिंग टेस्ट्स' अशी ओळ असते, अडकलेल्या टेस्टचं नाव आणि ती किती वेळ चालली ते तिथे लिहिलेलं असतं. डंपमध्ये मग फक्त ते नाव शोधायचं. 'सिग्नल: किल्ड' दिसलं तर मेमरी कमी पडल्याचा संशय घ्यावा.

व्हेरिफाय जॉब नव्या लोकांना सगळ्यात जास्त छळतो, कारण त्यात टेस्ट नसतातच. रेपोतल्या बनवलेल्या फाइली आणि त्यांचा मूळ स्रोत जुळतात का, हे तो पाहतो. एक नेहमीचं उदाहरण घ्या. एपीआयच्या टाइप्स.गो फाइलमध्ये एका फील्डवरच्या कमेंटमध्ये स्पेलिंगची चूक आहे. तुम्ही एक अक्षर दुरुस्त करता, पीआर पाठवता, व्हेरिफाय लाल. एका अक्षरासाठी! पण ती कमेंट नुसती कमेंट नाही. तिच्यातूनच स्वॅगरचं वर्णन, प्रोटो फाइल आणि ओपनएपीआय स्पेक तयार होतात. स्रोतात अक्षर बदललं, बनवलेल्या चारेक फाइलींत जुनंच राहिलं, म्हणून नापास.

उपाय हाताने त्या फाइली दुरुस्त करणं नव्हे. हॅक फोल्डरमध्ये प्रत्येक 'व्हेरिफाय-' स्क्रिप्टला जोडीची 'अपडेट-' स्क्रिप्ट असते, निदान बहुतेकींना. वरच्या उदाहरणात आधी 'अपडेट-कोडजेन', मग 'अपडेट-ओपनएपीआय-स्पेक'. दुसरी स्क्रिप्ट खरा एपीआय सर्व्हर उभा करून त्याच्याकडून स्पेक काढते, त्यामुळे तिला ईटीसीडी (कुबरनेटिसचा डेटाबेस) लागतं. हॅकमधलीच 'इन्स्टॉल-ईटीसीडी' चालवा आणि ती सांगते तो मार्ग पाथमध्ये घाला. कुठली स्क्रिप्ट ते कळत नसेल तर 'मेक अपडेट' सगळ्या चालवतं, फक्त वेळ खातं. मॅकवर आणखी एक अडचण: सोबत येणारा बॅश 3.2 आहे, स्क्रिप्टना त्याहून नवा लागतो, आणि सेडही जीएनयूचा हवा. दोन्ही वेगळे टाकून पाथमध्ये पुढे आणावे, नाहीतर स्क्रिप्ट अशा ठिकाणी मोडते की दोष आपल्या बदलाचा वाटतो.

बनवलेल्या फाइली वेगळ्या कमिटमध्ये ठेवाव्यात. रिव्ह्यूअरला हाताने लिहिलेलं आणि मशीनने लिहिलेलं वेगळं दिसतं, आणि रीबेसला कॉन्फ्लिक्ट आला तर ते दुसरं कमिट टाकून देऊन स्क्रिप्ट पुन्हा चालवता येते. बनवलेल्या फाइलींतले कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवणं म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय.

कंपाइलचा आणखी एक दगाफटका इतर प्लॅटफॉर्मांचा. फाइलच्या नावाच्या शेवटी '_लिनक्स' असलं की ती फक्त लिनक्सवर बिल्ड होते. त्यात नवं फंक्शन टाकलं आणि सगळीकडे चालणाऱ्या फाइलमधून ते बोलावलं, तर तुमच्याकडे हिरवं, विंडोजच्या टाइपचेकमध्ये लाल. 'गूस' (कुठल्या प्रणालीसाठी बिल्ड करायचं ते सांगणारा चल) विंडोज ठेवून 'गो व्हेट' चालवलं की घरीच कळतं. विंडोजची जोडफाइल लिहायची, तीत निदान रिकामं फंक्शन तरी हवं.

आता युनिट टेस्ट. घरी पास आणि बॉटकडे नापास याचं पहिलं कारण रेस डिटेक्टर, म्हणजे दोन गोरूटीन समन्वयाशिवाय एकाच डेटाला हात लावतात का ते पाहणारं साधन. बॉट युनिट टेस्ट '-रेस' लावून चालवतो, आपण घरी तो विसरतो. ठरलेला नमुना असा: टेस्टमध्ये एक खोटा क्लायंट, त्याच्यात एक मॅप. कंट्रोलरची वर्कर गोरूटीन त्यात लिहिते आणि टेस्ट बाहेरून 'लेन' विचारते. मध्ये कुलूप नाही. साध्या धावेत पास, '-रेस'मध्ये 'वॉर्निंग: डेटा रेस'. त्याखाली दोन स्टॅक असतात, एक आत्ताच्या वाचणाऱ्या गोरूटीनचा, दुसरा आधी लिहिणाऱ्याचा. दोन्हींत आपल्या फाइलची पहिली ओळ शोधायची. त्या दोन ओळी समोर आल्या की दोष बहुतेक डोळ्यांनीच दिसतो. उपाय म्युटेक्स (तेच कुलूप), किंवा काम संपल्याचा निरोप चॅनलवरून घेणं. मध्ये स्लीप टाकून रेस जात नाही. दोन्ही गोरूटीन एकमेकींशी समन्वय न साधताच मॅपला हात लावत राहतात.

स्लीपवरून दुसरं कारण आलंच. टेस्ट म्हणते, 100 मिलिसेकंद थांबू, तोवर इव्हेंट येईलच. तुमच्या लॅपटॉपवर तो 3 मिलिसेकंदांत येतो. बॉटच्या मशीनवर त्याच वेळी शेजारी दहा पॅकेजेस कंपाइल होत असतात, तिथे 100 पुरत नाहीत. मग लोक 500 करतात. टेस्ट सावकाश होते आणि पन्नासातून एकदा पडतेच. त्याऐवजी अट पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारणारं पोल वापरावं आणि कमाल मुदत सैल ठेवावी. रेपोतल्या वेट पॅकेजमध्ये 'फॉरएव्हरटेस्टटाइमआउट' नावाचा स्थिरांक आहे, 30 सेकंदांचा. नाव ऐकून हसू येतं, पण हिशेब चोख आहे: अट 3 मिलिसेकंदांत पूर्ण झाली तर पोल लगेच सुटतं, मोठी मुदत फक्त नापास होताना खर्ची पडते. उलट 'काहीही घडू नये' अशी टेस्ट असेल तर पोल उपयोगाचं नाही. तिथे खोटं घड्याळ वापरून वेळ आपणच पुढे ढकलायची.

टेस्ट लहरी आहे का हे एकदा चालवून कळत नाही. गोच्या टूल्समधलं 'स्ट्रेस' घ्या. 'गो टेस्ट -रेस -सी' करून टेस्टची बायनरी बनवा आणि 'स्ट्रेस'ला ती '-टेस्ट.रन' व टेस्टच्या नावासह द्या. ते समांतर अनेक धावा करतं आणि दर 5 सेकंदांनी किती धावा, किती नापास ते छापतं. मशीन मुद्दाम दमवलेलं असल्यामुळे बॉटकडची परिस्थिती बऱ्यापैकी उतरते. नुसतं 'गो टेस्ट' पुन्हा पुन्हा मारणाऱ्यांनी '-काउंट=1' विसरू नये, नाहीतर गो जुनाच निकाल 'कॅश्ड' म्हणून दाखवतं आणि आपण खूश होतो.

आता समजा पडलेल्या टेस्टचा तुमच्या बदलाशी संबंधच दिसत नाही. तुम्ही क्यूबसीटीएलमधला (कुबरनेटिसच्या कमांड लाइन टूलमधला) मेसेज बदललात आणि पडली ती व्हॉल्यूमची ई2ई. तरी रीटेस्ट लगेच नको. टेस्टग्रिडवर (जॉबच्या जुन्या-नव्या निकालांच्या तक्त्यावर) तोच जॉब मास्टरवर कसा चाललाय ते पाहा. ट्रायाजच्या पानावर त्या एररचा मजकूर टाकला तर इतर पीआरमध्ये तो किती वेळा आला ते कळतं. दुसरीकडेही दिसत असेल तर तो फ्लेक, म्हणजे लहरी टेस्ट. त्याचा इश्यू आधीच आहे का शोधायचं, नसेल तर '/काइंड फ्लेक' लावून उघडायचा, लॉगचा तेवढाच तुकडा आणि लिंक द्यायची. मग आपल्या पीआरवर एका ओळीत इश्यूचा क्रमांक आणि पुढच्या ओळीत /रीटेस्ट. पाच मिनिटांचं काम आहे. दुसरीकडे कुठेच दिसत नसेल तर संशय स्वतःवर घ्यावा, संबंध कितीही लांबचा वाटो.

सगळं हिरवं झालं तरी मर्ज माणूस करत नाही, टाइड हा प्राऊचा भाग करतो. त्याला 'एलजीटीएम' (मला ठीक दिसतं) आणि 'अप्रूव्ह्ड' अशी दोन्ही लेबलं लागतात. पहिलं म्हणजे कोड वाचून ठीक वाटला, दुसरं त्या फोल्डरच्या ओनर्स फाइलमधल्या अप्रूव्हरचं. बदल तीन फोल्डरांत असेल तर तिन्हींना पुरेल अशी मंजुरी लागते. कोणाची बाकी आहे ते बॉट कमेंटमध्ये लिहितो. चेकच्या यादीत 'टाइड' नावाची एक ओळ असते, ती फारसं कोणी वाचत नाही. 'अप्रूव्ह्ड लेबल हवं', 'अमुक माइलस्टोन हवा' असं नेमकं कारण तिथे लिहिलेलं असतं. माइलस्टोनचं कारण कोड फ्रीझच्या काळात दिसतं. त्यावर थांबणं हाच इलाज.

नवं पुश केलं की 'एलजीटीएम' निघतं, 'अप्रूव्ह्ड' राहतं. अपवाद एक: कमिट एकत्र केले (स्क्वॉश) पण फाइलींचा मजकूर तोच राहिला, तर बॉट ट्री हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेली खूण, ताडून 'एलजीटीएम' ठेवतो. म्हणून रिव्ह्यू झाल्यावर स्क्वॉश करायचं तर फक्त स्क्वॉश करावं, त्याच पुशमध्ये रीबेस मिसळू नये. मास्टर पुढे गेलेलं असतं, ट्री बदलते, लेबल उडतं आणि रिव्ह्यूअरला पुन्हा हाक मारावी लागते.

टाइडच्या ओळीत 'इन मर्ज पूल' आलं की हिरवे झालेले जॉब कधीकधी पुन्हा पिवळे होतात. बिघडलेलं काही नसतं. मधल्या काळात मास्टर पुढे सरकलं, म्हणून टाइड ताज्या मास्टरवर पुन्हा तपासतो, कधी चार-पाच पीआरची मोळी बांधून एकत्र. अशा वेळी कमेंटमधला राहिलेला पूर्णविराम दिसला तरी पुश करू नका. एका पुशने 'एलजीटीएम' जातं, पूलमधली जागा जाते आणि सगळे जॉब पहिल्यापासून सुरू होतात. पूर्णविराम पुढच्या पीआरमध्ये टाकता येईल.